पेपर, पण कुठला?

गेल्या मंगळवारी दुकानाचं शटर वर करतोय, तर सर पायरीवर बसलेले. "नातवानं पेनड्राइव्ह समजून खेळ केला रे," म्हणत त्यांनी कापडी पिशवीतून हार्डवेअर वॉलेट काढलं, म्हणजे बिटकॉइनची चावी ठेवायचं छोटं यंत्र. तीनदा चुकीचा पिन पडला होता आणि यंत्र कोरं झालं होतं. ते तसंच व्हायला हवं, चोराच्या हाती पडलं तरी हेच होतं. मी ऐटीत म्हटलं, "काही बिघडलेलं नाही सर. शब्द लिहिलेली वही आणलीय ना?"

वही आणली होती. तिनंच पुढचे चार तास खाल्ले.

सरांनी मला आठवी-नववीत मराठी शिकवलंय. जुलै २०२४ मध्ये एका भारतीय एक्स्चेंजमधून (बिटकॉइनसारखी डिजिटल नाणी घ्यायची-विकायची ऑनलाइन पेढी) सुमारे २३ कोटी डॉलरची नाणी चोरीला गेली, त्या आठवड्यात ते पहिल्यांदा असं यंत्र बसवून घ्यायला आले. त्यांचे पैसे दुसऱ्या एक्स्चेंजवर होते, पण धसका घेतला. "आपलं आपल्या कपाटात बरं." मुलाच्या आग्रहानं घेतलेले थोडे बिटकॉइन. रक्कम सांगत नाही, पण काकूंच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं त्यात होतील.

लोकांना वाटतं नाणी यंत्रात असतात. यंत्रात असते फक्त चावी, आणि ती २४ इंग्रजी शब्दांतून कधीही पुन्हा घडवता येते. यंत्र विहिरीत पडलं तरी चालेल, शब्द हरवले तर संपलं. म्हणून माझे काही नियम आहेत. जुन्या बाजारातलं यंत्र बसवून देत नाही. खोक्यात शब्द आधीच छापलेलं कार्ड निघालं, तर ते शब्द विकणाऱ्याकडेही आहेत असं समजायचं. फोटो काढायचा नाही. (समोरचा मोबाइलवाला गिऱ्हाइकांना बिनधास्त सांगतो, "फोटो काढून ठेवा, सेफ राहतो." तो फोटो रात्रीतून क्लाउडवर जाऊन बसतो, हे याला कोण सांगणार!) आणि पडद्यावर शब्द यायला लागले की मी भिंतीकडे तोंड करून उभा राहतो. गिऱ्हाइकाचा एकही शब्द मी आजवर पाहिला नव्हता, आणि हे मी चारचौघांत मिरवायचो.

पैसे टाकण्याआधी उजळणीही करून घेतो. यंत्र मुद्दाम कोरं करायचं आणि वहीवरून पुन्हा उभं करायचं. सरांनी तेव्हा ती पहिल्या फटक्यात केली होती. मी भिंतीकडे बघतच "वा सर!" म्हणालो होतो.

मंगळवारी चौथ्या शब्दाला गाडी अडली.

"अरे, हे पेपर कुठलं असेल?"

"कुठलं म्हणजे?"

"कागद की मिरी?"

मी वळून पाहिलं. चोवीसच्या चोवीस शब्द देवनागरीत. तेच फळ्यावरचं अक्षर, शिरोरेघा पट्टीनं मारल्यासारख्या.

"शब्द लिहून घ्या म्हणालास," सर म्हणाले. "कुठल्या लिपीत ते कुठे म्हणालास?"

हे शब्द २०४८ शब्दांच्या एका ठरलेल्या यादीतून येतात. यादी करणाऱ्यांनी डोकं लावलंय, कुठल्याही दोन शब्दांची पहिली चार अक्षरं सारखी नाहीत. रोमन लिपीत चार अक्षरं वाचता आली तरी शब्द सापडतो. पण ही काळजी स्पेलिंगची आहे, कानाची नाही. इंग्रजीतल्या दोन वेगळ्या उच्चारांना आपल्याकडे एकच ए. त्यामुळे पेपर हा कागदही आणि मिरीही, टेस्ट ही चवही आणि परीक्षाही, लेटर म्हणजे पत्र किंवा नंतर, एज म्हणजे वय किंवा कडा. राइट तर इंग्रजीतही कानाला एकच. या सगळ्या जोड्या त्या यादीत आहेत. (सरांचे खरे शब्द हे नव्हेत. जात तीच.) बाकी सरांनी चोख लिहिलं होतं, अर्धचंद्र जिथल्या तिथे. चोवीसात तीन शब्द दुहेरी निघाले. दोन गुणिले दोन गुणिले दोन, आठ शक्यता.

इथे मला या पद्धतीचं खरंच कौतुक वाटतं. चोवीसावा शब्द पूर्ण मोकळा नसतो. त्यात बाकीच्या शब्दांशी जुळतंय का हे बघणारा ८ बिटांचा ताळा असतो. चुकीचा संच चुकून बरोबर ठरण्याची शक्यता २५६ मध्ये १. म्हणजे आठांपैकी बरोबर असेल तोच बहुतेक पास होणार, बाकीचे यंत्र स्वतःच परत करणार.

कौतुक संपलं की हमाली. यंत्राला दोन बटणं. एकेक अक्षर फिरवून आणायचं, तीन-चार अक्षरं झाली की यंत्र शब्द सुचवतं, दोन्ही बटणं एकदम दाबून तो घ्यायचा. असे चोवीस. मग "शब्द चुकीचे", आणि पुन्हा श्रीगणेशा. भाचा म्हणाला, "मामा, लॅपटॉपवर टाक ना, दोन मिनिटांत आठही तपासून देतो." नेटला जोडलेल्या कीबोर्डवर हे शब्द एकदा उमटले की ते आपले राहिले असं धरताच येत नाही. त्याला मी त्या दिवशी लवकर जेवायला पाठवलं.

सर वाचत होते, मी दाबत होतो. माझा नियम तिथेच मोडला. सहाव्या संचाला यंत्र उघडलं. नाणी ज्या पत्त्यावर पाठवली होती (खाते क्रमांकासारखाच तो), तो एक्स्चेंजच्या जुन्या ईमेलमधला पत्ता आणि पडद्यावरचा पत्ता जुळला. सरांनी चष्मा काढून पुसला, काही बोलले नाहीत.

आता ते शब्द मला माहीत होते, म्हणजे सरांच्या दृष्टीनं ते जळाले. दुसरं नवं यंत्र उघडलं, त्यावर नवे शब्द, आणि त्याच दिवशी सगळं तिकडे हलवलं. पत्ता लॅपटॉपवरून कॉपी झाला तरी यंत्राच्या पडद्यावर अक्षर अन् अक्षर ताडायचं, कारण मधल्यामधे पत्ता बदलणारे व्हायरस असतात. सर बी-सी-वन-क्यू करत मोठ्यानं वाचत होते, शाळेत हजेरी घेतल्यासारखे. आधी थोडी रक्कम पाठवली, ती पोचल्यावर उरलेली.

रात्री झोप लागेना. शब्द न बघण्याचा नियम मला आजही बरोबर वाटतो, पण सर देवनागरीत लिहितायत हे मला दिसलं नाही ते त्यामुळेच. आणि उजळणी? ती त्यांनी वहीवरून केलीच नव्हती. दहा मिनिटांपूर्वी पाहिलेलं स्पेलिंग डोक्यात ताजं होतं, तेवढ्यावर भागलं. मी तपासली ती सरांची स्मरणशक्ती. एवढी वर्षं किती गिऱ्हाइकांची अशीच तपासली असेल, कोण जाणे. गेले दोन दिवस जुनी बिलं काढून एकेकाला फोन करतोय. निम्मे म्हणतात, "चालतंय की, कशाला हात लावायचा?"

नवे शब्द सरांनी रोमन कॅपिटलमध्ये लिहिलेत असं ते सांगतात. मी भिंतीकडेच बघत होतो. पुढच्या महिन्यात दोघांना बोलावलंय. काकू तोवर यंत्राला हात लावणार नाहीत. त्या दिवशी ते कोरं करून वहीसकट त्यांच्या हातात द्यायचं आणि मी सरांना घेऊन कोपऱ्यावर चहाला जायचं, असं ठरलंय. काकूंनी फोनवर एवढंच विचारलं, "स्पेलिंग चुकलं तर चालेल ना?"