सर नाही

सुझोऊ, चीन. मंगळवार, रात्रीचे साडेदहा

‘छान होतं, पण आपल्या कालवणाची सर नाही.’

संध्याकाळी इथला खेकडा खाऊन घरच्या ग्रुपवर हे टाकलं आणि तेव्हापासून ते वाक्य घशात काट्यासारखं अडकून बसलंय. खोटं आहे ते. भांडं पुढ्यात होतं तेव्हा मला कालवण आठवलंच नव्हतं. आई नाही, अलिबागचं घर नाही, दादाचं ते सगळं तर नाहीच नाही. वीसेक मिनिटं मी नुसती जेवत होते.

खरं तर आजचा दिवस घर आठवायला अगदी योग्य होता. मीटिंगचं लिहीत नाही, लिहून काय होणार. परवा वसुबारस. तिकडे भाजणीचा वास सुटला असेल आणि मी पिंगज्यांग रस्त्यावर कालव्याच्या कडेकडेने एकटीच चाललेय, स्वतःची कीव करत. भूक अशी नव्हतीच. ऑफिसातली मुलगी मागे लागली होती म्हणून गेले. आत्ता आलीच आहेस तर खेकडा खाल्ल्याशिवाय जाऊ नकोस म्हणाली. नवव्या महिन्यात मादी, दहाव्यात नर. त्यांचा नववा महिना म्हणजे बहुतेक वर्षी आपला आश्विनच. मादीची लाख, म्हणजे आतला अंड्यांचा केशरी गर, भरते ती आत्ता, नर भरतो तो कार्तिकात. आपण अवस-पुनव बघतो, हे महिना बघतात.

हा खेकडा समुद्रातला नाही, तळ्यातला. नांग्यांवर दाट केस, थंडीत हातमोजे घातल्यासारखे. शरदाचं वारं सुटलं की खेकड्याच्या पायांना खाज सुटते अशी इथे म्हण आहे, कारण अंडी घालायला त्याला खाऱ्या पाण्याकडे निघायचं असतं. आता बहुतेक पाळलेलेच, तेव्हा कुठले निघतायत. यांगचंग तळं इथून जवळ आहे. तिथल्या खेकड्याचं इतकं नाव, की दुसरीकडचे खेकडे आणून काही दिवस त्या पाण्यात सोडतात आणि तिथलेच म्हणून विकतात. त्यांना चक्क ‘आंघोळीचे खेकडे’ म्हणतात. कर्नाटकातला आंबा देवगडच्या पेटीत बसतो तसंच. हे ऐकून मला फार बरं वाटलं होतं, का कोण जाणे.

अख्खा खेकडा मागवायची हिंमत झाली नाही. परक्या गावात एकटीने बसून कडाकडा नांग्या कोण फोडणार? म्हणून टोफूतला घेतला. श्येफन दोउफू. उकडलेल्या खेकड्याचं मांस आणि लाख कुणीतरी आधीच कोरून काढलेली असते. ती आलं घालून चरबीत परतायची, तांदळाची पिवळी वाइन घालायची, त्यात मऊ टोफूचे तुकडे सोडायचे. संपलं. मिरची नाही, खोबरं नाही, लसूण नाही. माझ्यासमोर मातीचं भांडं रटरटतच आलं, वर केशरी तेलाचा तवंग. टोफू चॉपस्टिकमध्ये धरला की तुटायचा, तिसऱ्यांदा तुटल्यावर मी मुकाट्याने चमचा घेतला. जिभेवर खरवसासारखा विरघळतो (खरवस आत्ता लिहिताना सुचला, तिथे नाही) आणि मागून लाखेची ती रवाळ चव येते. काळ्या व्हिनेगरचे चार थेंब टाकले तर ती आणखीच खुलली. फोटो काढायचंसुद्धा राहून गेलं.

मग तसं लिहिलं कशाला?

कुणी विचारलंही नव्हतं. ‘छान होतं’ एवढ्यावर थांबता आलं असतं. पण ‘छान होतं’ लिहिल्यावर बोट आपोआप पुढे गेलं. गाव सोडल्यापासून हे असंच चाललंय. पुण्यातला मासा, केरळातला मासा, आता हा. कुठेही काही बरं खाल्लं की खाली ‘आपल्यासारखं नाही’ जोडायचं. घरपट्टीच आहे ती, भरत राहिलं की नाव उताऱ्यावर राहतं. आज पहिल्यांदा भरताना हात जड झाला.

आणि सर नाही म्हणजे तरी काय? आई चिंबोरीचे बारके पाय पाट्यावर ठेचून, पाणी घालून, गाळून तो रस कालवणात ओतते. अर्धा दिवस जातो त्यात. लाख मात्र ती स्वतः खाते. ‘मी ठेचलंय, मी खाणार,’ असं सगळ्यांदेखत म्हणून. जन्मात मला बोटभर लाख मिळाली असेल. इथे भांडंभर होती, एकटीला. बहुतेक तेच खुपतंय. किंवा तेही नसेल.

भात कमी पडला तेव्हाची एक गंमत. इथे वाढणाऱ्या मोठ्या बाईला ‘आयी’ म्हणतात, म्हणजे मावशी. दोनदा मनात म्हणून पाहिलं, मग मोठ्याने हाक मारली. आयी! ती आली. भात आणलाच, वर न मागता आल्याचा गरम चहा ठेवला आणि स्वतःच्या पोटावर हात ठेवून काहीतरी बजावलं. खेकडा थंड, आलं गरम. एक शब्द कळला नाही आणि सगळं कळलं. आता तरी गळा दाटून यायला हवा होता की नाही? मी भात कालवून घेतला आणि तळाशी लागलेलं चमच्याने खरवडलं. काय करणार, मी अशीच आहे.

ग्रुपवर आत्याने लगेच ‘आपलं ते आपलंच’ लिहून तीनदा हात जोडले. दादाने वाचलेलंच नाही. आईचं उत्तर आत्ता आलं, तिकडे आठ वाजलेत, जेवणं झाली असतील.

‘सर नाही म्हणतेस आणि भांडं तर पुसून ठेवलंयस.’

फोटो मी रिकाम्या भांड्याचा टाकला होता. भरलेल्याचा नव्हताच.

मी काही लिहायच्या आत दुसरं आलं. ‘लाख होती का?’

‘होती. पुष्कळ.’

मग बराच वेळ नुसतं टायपिंग दिसत राहिलं. बंद झालं. पुन्हा दिसलं. दिवाळी तोंडावर आलीय आणि खेकडे कसले खातेस, असं काहीतरी येणार म्हणून मी तयारीत बसले.

‘आलं किसलेलं होतं की ठेचलेलं?’

बघितलंच नाही. उद्या बघून सांगते, असं लिहिलं. गाडी दुपारी दीडची आहे. ते हॉटेल अकराला उघडतं.