घर मोजायचं की माणूस

काकू, तुमच्या पोरीनं राज्यशास्त्र घ्यावं का, असं तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. बारावीचा निकाल लागला की कोणाची तरी आई आमच्या अंगणात येते आणि विचारते, "मॅडम, हे राज्यशास्त्र, तत्त्वज्ञान, धर्म... याच्यानं नोकरी लागते काय?" मी वर्धा जिल्ह्यातल्या खेड्यातली. नागपुरात हेच शिकले आणि आता तालुक्याच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते.

नोकरीचं आधी सांगते. प्राध्यापकीला नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा लागते आणि कायम जागा फार कमी निघतात. यूपीएससीला राज्यशास्त्र आणि तत्त्वज्ञान हे दोन्ही वैकल्पिक विषय आहेत, नीतिशास्त्राचा वेगळा पेपरही 2013 पासून आहे. पण केवळ त्यासाठी तीन वर्षं घालवा, असं मी कोणत्याच पोरीला सांगणार नाही. मी हे का शिकले आणि अजून का धरून आहे, ते वेगळं आहे.

आपल्या ग्रामसभेला कधी जाऊन बघा. घरटी एक माणूस येतो, तो बहुतेक बाप्याच. रजिस्टरवर सही करतो, चहा घेतो. एकदा मी विचारलं की बाया कुठं आहेत. समोरून उत्तर आलं, "घरून एक जन आला म्हंजे घर आलंच ना!" त्या उत्तरात कोणाला काही वावगं वाटलं नाही. मला वाटलं, कारण तोवर मी संविधान सभेतली चर्चा वाचली होती.

4 नोव्हेंबर 1948 रोजी बाबासाहेबांनी संविधानाचा मसुदा मांडला. त्यात ग्रामव्यवस्थेला स्थान नाही, ही टीका तेव्हा जोरात होती. बाबासाहेबांनी खेड्याला अज्ञानाचं, संकुचितपणाचं घर म्हटलं आणि मसुद्यानं खेडं सोडून व्यक्ती हा घटक मानला याचा आपल्याला आनंद आहे, असं स्पष्ट सांगितलं. तरी त्याच महिन्यात ग्रामपंचायतींचं कलम सभेनं स्वीकारलं, आज ते कलम 40 आहे. पुढं 73 व्या घटनादुरुस्तीनं ग्रामसभेची व्याख्या केली, ती मतदार यादीतल्या व्यक्तींची. म्हणजे घरात पाच मतदार असतील तर ग्रामसभेचे सभासद पाच. महाराष्ट्रात तर ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची तरतूद आहे. हे मी त्या सभेत उभं राहून सांगितलं. पुढच्या वेळी थोड्या बाया आल्या आणि पहिला विषय निघाला तो नळाच्या पाण्याच्या वेळेचा.

आता दुसरी बाजू. गांधीजी 1936 मध्ये वर्ध्याजवळच्या सेगावला राहायला आले, तेच आजचं सेवाग्राम. स्वराज्याची सुरुवात खेड्यापासून व्हावी, असं ते म्हणत. तिथून पाऊणशे किलोमीटरवर नागपूरची दीक्षाभूमी. 14 ऑक्टोबर 1956 ला तिथं बाबासाहेबांसोबत बौद्ध धम्माची दीक्षा घ्यायला लाखो लोक एकत्र जमले, पण प्रतिज्ञा प्रत्येकानं स्वतःची म्हणून घेतली. आपलं गाव या दोन जागांच्या मधलं आहे. हा वाद आम्हाला दिल्लीहून मागवावा लागत नाही, तो आमच्या चावडीवर आहे. नागपूर विद्यापीठात गांधी, आंबेडकर आणि ग्रामगीता लिहिणारे तुकडोजी महाराज यांच्या विचारांचे वेगवेगळे विभाग आहेत. तिघांना समोरासमोर बसवून वाचायची सोय इतक्या जवळ असताना ती आपल्या पोरींनी का सोडावी?

"धर्म शिकाले विद्यापीठ कायले? पोथी हाय ना घरी," असंही ऐकते. पोथी आहे, ती वाचावीच. पण निनियन स्मार्ट यांनी 1967 मध्ये इंग्लंडमधल्या लँकेस्टर विद्यापीठात धर्माभ्यासाचा विभाग सुरू केला, त्यांनी सांगितलेली पद्धत मला फार मोलाची वाटते. शिकवण हे धर्माचं एक अंग झालं. विधी, कथा, अनुभव, नीती, संस्था आणि वस्तू हीसुद्धा त्याचीच अंगं. आपल्या गावच्या जत्रेकडे असं पाहिलं की पालखी कोण उचलतं, वर्गणी कोण ठरवतं, महाप्रसादाच्या पंगतीत कोण शेवटी बसतं, हे दिसायला लागतं. यासाठी श्रद्धा सोडावी लागत नाही. मी सोडलेली नाही.

या सगळ्यात मला अजून अडवतो तो गडचिरोलीचा मेंढा-लेखा गाव. आमच्या गावात आम्हीच सरकार, असं म्हणणारा. 2009 मध्ये त्यांना वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्क, म्हणजे गावानं मिळून जंगल वापरायचा आणि सांभाळायचा हक्क, मिळाला. तिथली ग्रामसभा बहुमतानं ठरवत नाही, सर्वसहमतीनं ठरवते, आणि गावात वेगळा अभ्यासगटही चालतो. वरवर पाहता हा गांधींचा गाव. पण सर्वसहमती म्हटली की एकट्या बाईचा नकारही ठराव थांबवू शकतो, म्हणजे व्यक्तीलाही तिथं पुरं वजन. मात्र तो नकार तोंडातून निघू द्यायचा की नाही, हे घरातच ठरत असेल तर? यावर माझं मन अजून पक्कं झालेलं नाही. वर्गातल्या पोरी यावर तास संपला तरी भांडत बसतात.

तर काकू, तुमच्या पोरीला राज्यशास्त्र आवडत असेल तर सोबत तत्त्वज्ञान घ्यायला सांगा, आणि जमलं तर पाली भाषा. हे विषय सगळ्या कॉलेजांत नसतात. प्रवेशाचा अर्ज भरण्याआधी विषयांचे गट नीट वाचा, आणि अर्ज घेऊन एकदा तिलाच माझ्याकडे पाठवा.