सीट चार बोटे वर

वयाच्या ४४व्या वर्षी, कॉलेजनंतर प्रथमच, मी सायकल घेतली. दुकानात मला जाड टायरची, पुढे शॉकअप असलेली २१ गिअरची सायकल दाखवण्यात आली. बसल्याबरोबर दोन्ही पाय जमिनीवर सपाट टेकतील एवढी सीट खाली करून मिळाली, तेव्हा मला अतिशय सुरक्षित वाटले. कोथरूडहून उत्तमनगरमार्गे खडकवासल्याच्या रस्त्याला लागलो आणि तिसऱ्याच आठवड्यात गुडघ्याच्या वाटीभोवती असे दुखू लागले, की घराचा जिना उतरताना कठडा धरावा लागे.

ज्या फिजिओथेरपिस्ट बाईंकडे गेलो, त्यांनी गुडघा तपासल्यावर पुढच्या वेळी सायकल घेऊन यायला सांगितले. भिंतीला हात टेकवून मला सीटवर बसवले आणि पेडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच ठेवायला लावली. त्या स्थितीत पाय सरळ व्हायला हवा होता. माझा गुडघा तर खुर्चीवर बसल्यासारखा वाकलेला होता. त्यांनी सीट चार बोटे वर घेतली. आता टाचेऐवजी चवडा पेडलवर आला की गुडघ्याला किंचितच बाक राहतो. सीट खाली असली की प्रत्येक फेऱ्यात गुडघा गरजेपेक्षा जास्त दुमडतो आणि त्याच अवस्थेत त्याला जोर लावावा लागतो, हे त्यांनी समजावून सांगितले.

उंच सीटची भीती मात्र खरी असते, कारण थांबताना पाय जमिनीला पोहोचत नाहीत. सीटवर बसून थांबायचेच नसते, हे मला कोणी सांगितले नव्हते. ब्रेक दाबत सीटवरून पुढे उतरायचे, एक पाय खालच्या पेडलवर ठेवायचा आणि दुसरा जमिनीवर टेकवायचा. सोसायटीच्या पार्किंगमध्ये पहाटे मी एवढीच एक गोष्ट आठवडाभर केली आणि मगच सिग्नलच्या रस्त्यावर गेलो.

यामुळेच नवी सायकल घेणाऱ्याने गिअरच्या संख्येआधी फ्रेमचे माप पाहावे, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. दांडीच्या दोन्ही बाजूंना पाय सपाट ठेवून उभे राहिल्यावर दांडी आणि जांघ यांच्यात किमान दोन बोटे अंतर हवे, आणि हँडल धरताना कोपर ताठ होता कामा नये. डांबरी रस्त्यावरच चालवायची असेल, तर सुमारे ३५ मिलिमीटर रुंद टायरची, शॉकअप नसलेली हायब्रिड, म्हणजे रस्त्यावरची रेसिंग सायकल आणि डोंगरी सायकल यांच्या मधली सायकल, पुरेशी आहे. स्वस्त शॉकअपने वजन वाढते आणि चढावर पायांची ताकद त्यात वाया जाते. माझ्याकडे पहिलीच सायकल आहे आणि तिच्यावर माझा जीव आहे, पण आज निवड करायची असती तर मी हायब्रिडच घेतली असती.

गिअरचे तंत्र त्या मानाने सोपे आहे. चढ सुरू होण्याआधीच हलका गिअर टाकावा, कारण पूर्ण जोर देत असताना बदलला तर चेन कडकडते. पाय भरभर आणि हलके फिरले पाहिजेत. जड गिअरवर रेटत राहिल्यास गुडघ्याचे जुने दुखणे परत येते. टायरमध्ये किती हवा भरायची, तो आकडा टायरच्या कडेवरच छापलेला असतो, आणि हवा हळूहळू कमी होत असल्याने मी दर शनिवारी रात्री ती तपासतो. रविवारी पहाटे साडेपाचला निघायचे असते.