दाढ दुखत होती, पण दुखणं दाढेचं नव्हतं

अडीच महिने माझी उजवीकडची वरची दाढ ठणकत होती आणि ती किडलीच आहे असं मी कुणालाही छातीठोक सांगितलं असतं. सकाळी डोळे उघडले की पहिली तीच जाणवायची, सगळे दात आंबल्यासारखे, जबडा जड, तोंड नीट उघडायलाच दोन मिनिटं लागायची. अंघोळ वगैरे होईस्तोवर निम्मं दुखणं उतरायचं म्हणून मी ढकलत राहिले, डाव्या बाजूने चावायचं, ब्रश हळू करायचा, आणि रात्री परत तेच. कधीकधी कानात कळ यायची तर मला वाटलं कानात पण काहीतरी झालंय.

ज्या डेंटिस्टकडे आधी गेले तिथे एक्स-रे काढला, त्यात काही दिसलं नाही, कीड नाही, मुळाशी पू नाही. तरी म्हणाले की एवढं दुखतंय तर रूट कॅनल करून टाकू, नस काढली की दुखणं बंद. मी हो म्हणून तारीख पण घेतली, कारण त्यावेळी कुणी दाढ उपटतो म्हणालं असतं तरी मी हो म्हणाले असते, इतकी वैतागले होते. पण तारखेच्या दोन दिवस आधी सकाळी उठले तर वरची दाढ गप्प आणि खालची ठणकतेय. मग मात्र भीती वाटली. उद्या नस काढतील ती नेमकी कुठल्या दाढेची? किडलेली दाढ अशी जागा बदलते का? तारीख रद्द केली आणि दुसऱ्या डॉक्टर मॅडमकडे गेले. ते केलं हे आजही फार बरं वाटतं, कारण एकदा नस काढलेली दाढ परत पहिल्यासारखी होत नाही.

या मॅडमनी तोंड उघडायला सांगायच्या आधी बसवून विचारलं, दुखणं सकाळी जास्त की रात्री, झोप कशी लागते, घरी सध्या काय चाललंय. घरी काय चाललंय म्हटल्यावर मला एकदम भरूनच आलं. आईचं ऑपरेशन झालेलं, रात्री तिच्याजवळ, दिवसा ऑफिसात वर्षअखेरीची कामं, आणि हे सगळं मी दोन महिने कुणाला सलग सांगितलंच नव्हतं.

मग तपासणी. एकेका दातावर बारीक ठोकून पाहिलं, एकेका दाताला बर्फासारखं गार काहीतरी लावलं, गारवा जाणवला आणि दोन-चार सेकंदात गेला, म्हणाल्या नस ठणठणीत आहे. निळा कागद चावायला दिला आणि कुठल्या दाढांवर दाब जास्त पडतो ते बघितलं, टोकं घासून सपाट झालेली. जीभ बाहेर काढायला लावली, तर जिभेच्या कडेला दातांचे ठसे, आणि गालाच्या आतून एक आडवी पांढरी रेघ. मला आरशात दाखवलं, इतक्या वर्षांत मी कधी बघितलंच नव्हतं. आणि शेवटी त्यांनी गालावर, दात आवळले की जो स्नायू टरारून वर येतो ना, त्यावर बोट ठेवून पाच-सहा सेकंद दाबून धरलं. आणि दाढ दुखायला लागली! तीच दाढ, तीच कळ, आणि बोट तर गालावर, दाताला कुणी हातही लावलेला नाही. मी खुर्चीत उठून बसले.

त्यांनी समजावलं ते असं की चावण्याचे स्नायू आणि दात यांच्या संवेदना एकाच मोठ्या नसेतून मेंदूकडे जातात, त्यामुळे स्नायू थकून दुखायला लागला की मेंदूला ते दाताचं दुखणं वाटतं. कानशिलावरच्या स्नायूचं वरच्या दातांत, गालावरच्याचं वरखाली दोन्हीकडच्या दाढांत. शिवाय दात हाडात घट्ट रोवलेला नसतो, मुळाभोवती बारीक तंतूंची गादी असते, मिलिमीटरच्या पाव भागाएवढी जेमतेम, झोपेत दात आवळून धरले आणि रात्रभर दाब पडला की ती चेपून सुजल्यासारखी होते आणि सकाळी दात हुळहुळे होतात. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, तू कधी दात करकर खात नाहीस, मी ऐकलं असतं. पण मी दात खात नव्हतेच, नुसते आवळून धरत होते, त्याला आवाजच नसतो.

नाइट गार्डसाठी, म्हणजे रात्री झोपताना दातांवर बसवायच्या कव्हरसाठी, दातांचं माप घेतलं आणि आठवड्याभरात कडक पारदर्शक प्लास्टिकचा गार्ड मिळाला. पहिल्या रात्री वाटलं हे तोंडात घेऊन झोपणं शक्यच नाही, लाळ सुटते, ओठ मिटत नाहीत, पहाटे तो उशीखाली सापडला. चार-पाच दिवसांनी सवय झाली. दुकानात मिळणारा मऊ गार्ड घेऊ का असं विचारलं होतं तर म्हणाल्या, मऊ वस्तू दातात आली की काही जण उलट जास्तच चावत बसतात, शिवाय तो नीट बसला नाही तर वरचे-खालचे दात एकमेकांवर बसायची पद्धतच बदलू शकते. धुवायचा गार पाण्यात, गरम पाण्याने वाकतो. पण एक गोष्ट त्यांनी बजावून सांगितली जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, गार्ड आवळणं थांबवत नाही, फक्त दात झिजण्यापासून वाचवतो. इनॅमल, म्हणजे दातावरचं कडक आवरण, एकदा गेलं की परत येत नाही. महिन्याभराने बघितलं तर गार्डवर उजवीकडे चकचकीत खोलगट खुणा पडल्या होत्या, तेवढी झीज माझ्या दाढांवर झाली असती.

दुखणं खरं उतरलं ते दिवसा लक्ष द्यायला लागल्यावर. जेवताना आणि गिळताना सोडलं तर वरचे-खालचे दात एकमेकांना टेकायलाच नकोत, हे मला माहीतच नव्हतं, मला वाटायचं तोंड मिटलं म्हणजे दात मिटायचे. त्यांनी युक्ती दिली, 'न' म्हणा, जीभ जिथे टेकते तिथेच ठेवा, ओठ मिटा, दात सुटे. मी फोनवर तासातासाला नुसतं व्हायब्रेशन लावलं, ते वाजलं की दात कुठे आहेत बघायचं. पहिल्या दिवशी दहापैकी आठ वेळा आवळलेले! साहेबांचा मेल उघडताना, जिना चढताना, आणि सगळ्यात घट्ट म्हणजे आईच्या रिपोर्टसाठी फोन कानाला लावून थांबलेली असताना. तीन आठवड्यांत आठाचे तीनवर आले, आणि सकाळचा जबडा साधारण तेव्हाच हलका व्हायला लागला.

बाकी रात्री गालाला पंधरा-वीस मिनिटं ओला गरम शेक, संध्याकाळची कॉफी बंद, च्युइंगम बंद. मॅडमनी घोरणं आणि चालू औषधं पण विचारली होती, कारण झोपेत श्वास अडकणं आणि डिप्रेशनच्या काही गोळ्यांमुळेही दात आवळले जातात. अशा गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना सांगा, स्वतःहून बंद करू नका प्लीज.

आणि माझं वाचून कुणी खरी दाढदुखी अंगावर काढू नये. गार लागल्यावर कळ बराच वेळ राहिली, एकाच दातावर चावताना तीव्र सणक आली, हिरडी किंवा गाल सुजला, ताप आला, तर ते दाताचंच असू शकतं, लगेच दाखवा. फक्त एक्स-रे साफ असेल आणि दुखणं दाढ बदलत असेल, तर नस काढू देण्याआधी गालाचे स्नायू दाबून बघायला सांगा.

आता सात महिने झाले. मागच्या महिन्यात आईचा फॉलोअप होता त्या आठवड्यात परत दोन सकाळी जबडा जड होता, शेक दिला, व्हायब्रेशन परत चालू केलं, चौथ्या दिवशी उतरलं. आईचे रिपोर्ट चांगले आले. दाढ आहे तशीच आहे, परवा गार लावून पाहिलं, दोन सेकंदात गेलं.