मार्जिनमधली दोन माणसं

हे लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं, कारण लिहिलं की आमच्या एका सभासद काकूंचं खाजगी पुन्हा चव्हाट्यावर आणल्यासारखं होतं. म्हणून काही तपशील बदललेत आणि नाव कुणाचंच घेत नाहीये.

मी बडोद्यात एका जुन्या लायब्ररीत काउंटरला असते. आमच्याकडे जेन ऑस्टिनच्या 'पर्सुएशन' ह्या कादंबरीची एक जुनी प्रत आहे, आणि तिच्या मार्जिनमध्ये दोन माणसं पेन्सिलीने बोलत होती. एकाचं अक्षर मोठं, तिरकं, दुसरं बारीक आणि सरळ. कधी इंग्रजीत, कधी मराठीत. एकमेकांना ओळखत नाहीत हे वाचूनच कळायचं. लायब्ररीच्या पुस्तकात लिहायचं नसतं, तसं दिसलं की मी सभासदांना सुनावते, पण हे इतकं अदबीने चाललं होतं ना! तिरक्या अक्षराने कडक मत मांडलं तर खाली बारीक अक्षरात 'आपलं म्हणणं पटतं, पण पुढचं प्रकरण वाचून पाहावं.' रुसवा नाही, टोमणा नाही.

सगळ्यात लांब वाद एका पत्रावरून होता. कादंबरीची नायिका अ‍ॅन, तिला तिची मैत्रीण मिसेस स्मिथ एक खाजगी पत्र दाखवते, अ‍ॅनच्या चुलतभावाने, मिस्टर एलियटने, कधीकाळी मिसेस स्मिथच्या नवऱ्याला लिहिलेलं, 1803 सालचं. अ‍ॅन वाचते, हादरते, पण तिच्या मनात हेही येतं की दुसऱ्याचं खाजगी पत्र असं बघणं बरोबर नाही, अशा पत्रांवरून कोणाची पारख करू नये. तिरकं अक्षर म्हणत होतं, वाचलं नसतं तर त्या माणसाचं खरं रूप कळलंच नसतं. बारीक अक्षराचं उत्तर, 'कळलं हे चांगलंच झालं. तरी ते पत्र तिचं नव्हतं.'

तर एक दिवस तिरक्या अक्षराचे काका काउंटरला आले, रिटायर्ड, सभ्य गृहस्थ, आणि म्हणाले, "ताई, ह्या पुस्तकात जे दुसरे लिहितात ते कोण, जरा बघून सांगाल का? एकदा भेटून चर्चा करावी म्हणतो."

बघता येत होतं, हीच तर अडचण. पूर्वी आमच्याकडे पुस्तकं देण्याघेण्याची ब्राऊन पद्धत होती. पुस्तकाचं कार्ड सभासदाच्या छोट्या कागदी पाकिटात घालायचं आणि ती जोडी तारखेप्रमाणे ट्रेमध्ये लावायची, पुस्तक परत आलं की कार्ड पुस्तकात, पाकीट सभासदाच्या हातात, संपलं. कोणी काय वाचलं याचा मागमूस राहत नाही. नेवार्क पद्धतीत उलट, पुस्तकाच्या कार्डावरच सभासदाचा नंबर चढत जातो आणि कार्ड भरेपर्यंत तिथेच राहतो. आता कॉम्प्युटर आलाय आणि आमच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळी हिस्ट्री कायमची पडून आहे, हे आधुनिक म्हणायचं तर आमचे जुने लोक जास्त शहाणे होते.

मी म्हटलं, काका, नाव नाही सांगता येणार, तुम्ही चिठ्ठी लिहून बंद पाकिटात द्या, मी पोचवते, त्यांना वाटलं तर उत्तर देतील. काकांना लगेच पटलं, सॉरीसुद्धा म्हणाले. मी त्यांना हेही सांगितलं की ज्या बाईची कादंबरी आपण वाचतोय तिने जिवंतपणी पुस्तकावर नाव घातलं नव्हतं, पहिली कादंबरी 1811 मध्ये नुसती 'एका स्त्रीकडून' म्हणून आली. नाव जाहीर झालं ते ती गेल्यावर, 1817 च्या डिसेंबरात, ह्याच 'पर्सुएशन'सोबत भावाने तिच्याबद्दल लिहिलं तेव्हा.

चिठ्ठी माझ्या ड्रॉवरमध्येच होती. माझ्या सुट्टीच्या दिवशी काका पुन्हा आले आणि काउंटरवरच्या आमच्या दादाने स्क्रीनवर बघून नाव, एरिया, फोन नंबर सगळं देऊन टाकलं. दादा मनाने चांगला आहे, कुणालाही मदत करायला धावतो, पण दुसऱ्याची माहिती आपल्या मालकीची नसते हे त्याला आजही समजत नाही, आणि ही एकट्या दादाची गोष्ट नाही. सयाजीराव महाराजांनी 1910 मध्ये अमेरिकेहून ग्रंथपाल बॉर्डन साहेबांना आणून इथे लायब्ऱ्यांचं जाळं उभं केलं, पुस्तकांच्या पेट्या गावोगाव गेल्या, याचा आम्हाला सगळ्यांना अभिमान आहे. पुस्तक माणसापर्यंत पोचवायचं हे आमच्या रक्तात आहे, कोण काय वाचतं ते पोटात ठेवायचं हे मात्र कोणी शिकवलंच नाही.

काकांनी फोन केला. बारीक अक्षराच्या काकूंच्या सुनेने उचलला. कोण, कशाला, कधीपासून ओळख, पुस्तकात काय लिहिता, घरात सगळं निघालं. दोन दिवसांनी काकू आल्या, घरातली पुस्तकं परत दिली आणि डिपॉझिट मागितलं. मी चिठ्ठी पुढे केली तर हात लावला नाही. म्हणाल्या, "त्यांची काही चूक नाही गं, चांगले वाटले बोलायला. पण त्या पानांवर मी कोणाची आई नव्हते, कोणाची सासू नव्हते. आता आहे."

मी त्यांना राहा म्हणू शकले नाही. कोणत्या तोंडाने म्हणणार होते?

आता कमिटीला मी लेखी अर्ज दिलाय, पुस्तक परत आलं की सभासदाचं नाव नोंदीतून जायलाच हवं. कोहासारख्या लायब्ररीच्या सॉफ्टवेअरमध्ये ही सोय आहेच, नोंद एका अनामिक सभासदाच्या खात्यात जाते, पुस्तक किती वेळा गेलं ते कळतं, कोणी नेलं ते नाही. एक मेंबर म्हणतात, मग पान कोणी फाडलं ते कसं कळणार. अहो, परत घेताना पुस्तक चाळून बघायचं, पूर्वी बघतच होतो की! दुसरे म्हणतात, आधी त्या प्रतीतलं पेन्सिलीचं खोडा. नियमाप्रमाणे खोडायलाच पाहिजे, मी अजून खोडलेलं नाही आणि त्यांना तसं सांगितलंय. मीटिंग पुढच्या आठवड्यात आहे. दादा अजूनही म्हणतो, मी तर चांगल्यासाठीच सांगितलं होतं.