जांभ्यावरचा गोबो

आमच्या परसात दीड फूट खणले की कुदळ खणखणते. वर तांबडी माती आणि खाली जांभा, ज्याचे चिरे काढून घरे बांधतात, अशी गोव्यातल्या फोंडा तालुक्यातील आमच्या बाजूची जमीन आहे. तिथे अडीच-तीन फूट सरळ खाली जाणारे मूळ लावण्याचा हट्ट मी धरला, तेव्हा सासूबाई एवढेच म्हणाल्या, "अगं, एवढ्या कष्टात मुळ्याचे चार वाफे होतील." त्यांचा हिशेब चुकीचा नव्हता.

गोबो हे या मुळाचे जपानी नाव. इंग्रजीत त्याला बर्डॉक म्हणतात. सूर्यफूल आणि शेवंतीच्या कुळातली ही वनस्पती काश्मीरकडच्या डोंगरांत रानटी वाढते, युरोपात रस्त्याकडेलाही दिसते. पण रोजच्या जेवणातली भाजी म्हणून तिला खरा मान आहे तो जपान आणि कोरियात. पाने कोवळी असताना अळूची आठवण करून देतात, फक्त खालून पांढुरकी आणि लवदार असतात.

पहिल्या वर्षी मी जमिनीतच चर खणला आणि उत्साहाच्या भरात त्यात ओले शेण घातले. चार महिन्यांनी उपटायला गेले, तर बरीच मुळे मध्येच तुटली, आणि जी हाती आली ती जांभ्याला टेकून मारुतीच्या शेपटीसारखी वळलेली होती. काहींना दोन-दोन पाय फुटले होते. मुळाच्या टोकाला खडा किंवा न कुजलेले शेण लागले की ते दुभंगते, ही गोष्ट गाजर-मुळा लावणाऱ्याला ठाऊक असते. मलाही होती, पण तेव्हा आठवली नाही.

उपाय सुचला तो सासूबाईंच्या कणगी या कंदावरून. कणगी लावताना त्या मातीचा उंच ढीग करतात, कारण कंदाला खाली जागा मिळत नसेल तर माती वर न्यावी लागते. मग मी खताच्या रिकाम्या गोणी स्वच्छ धुऊन, तळाला भोके पाडून, भिंतीलगत उभ्या केल्या. जपानमध्येही घरगुती बागेत गोबो अशा पिशव्यांत लावतात, हे मला नंतर समजले, आणि खरे सांगायचे तर थोडा हिरमोडच झाला. चाळलेली माती, वाळू, नारळाच्या सोडणाचा भुसा आणि मूठभर पूर्ण कुजलेले खत, एवढेच मिश्रण मी भरले. खताचा हात आखडता ठेवला, आणि गोण भरताना थोडे थोडे पाणी घालून माती बसवली, नाहीतर ती नंतर खचते आणि रोप कलंडते.

आपल्याकडे वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच. साचलेल्या पाण्यात हे मूळ कुजते, त्यामुळे तुळशीचे लग्न झाल्यावर, हवा जराशी निवली की पेरणी करावी हे उत्तम. बी रात्रभर पाण्यात भिजवावे आणि वर जेमतेम अर्धा सेंटिमीटर माती ठेवावी, कारण या बियांना रुजायला उजेड लागतो. माझे बी दहाव्या दिवशी उगवले. विरळणी करताना पाने आडवी पसरलेली रोपे काढून उभट पानांची ठेवावीत. उभट पानांखालचे मूळ सरळ उतरते असा जपानी शेतकऱ्यांचा ठोकताळा आहे. एका गोणीत मी तीनच रोपे ठेवली. गोण उन्हात फार लवकर सुकते, म्हणून फेब्रुवारीपासून सकाळ-संध्याकाळ पाणी द्यावे लागले.

मार्चच्या मध्यावर, सुमारे १२० दिवसांनी, पहिली गोण विळीने वरपासून खालपर्यंत चिरली. माती आपोआप ढासळली आणि आत तीन मुळे उभी होती, अंगठ्याएवढी जाड, साधारण दोन फूट लांब, रंगाने थेट वाळलेल्या झाडाच्या काटकीसारखी. एकाला हात लावताच पहिल्या पावसानंतरच्या मातीचा वास आला. सासूबाईंनी ते उचलून कोयतीच्या पाठीने खरवडले आणि म्हणाल्या, "आतून पांढरे आहे गं." दोन मिनिटांत ते पांढरे तपकिरी पडले. चिरताच पाण्यात टाकले तर काळवंडत नाही. साल मात्र सोलून काढू नये, स्वाद तिथेच असतो.

जपानी पद्धतीत बारीक काड्या करून तिळाच्या तेलात सोया सॉस आणि साखरेसह परततात. आम्ही मोहरीची फोडणी, खोला मिरची आणि वरून ओले खोबरे घातले. कुरकुरीत लागते, मागाहून किंचित गोडसर. पहिल्या दिवशी मात्र बेताने खावे, कारण यातले इन्युलिन नावाचे तंतू पोटात वायू धरतात.

याचे बोंड कपड्यांना आघाड्यासारखे चिकटते, आणि तेच पाहून स्विस अभियंता जॉर्ज द मेस्त्राल यांना १९४१ मध्ये वेल्क्रोची, म्हणजे बूट-पिशव्यांवरच्या चिकटणाऱ्या पट्टीची, कल्पना सुचली. आमच्याकडे ते पाहायला मिळणे कठीण, कारण झाड द्विवर्षायू, म्हणजे दुसऱ्या वर्षी फुलणारे, आहे आणि फुलायला थंडी मागते. बी दरवर्षी विकतच आणावे लागते. एकाच मातीत पुन्हा गोबो लावल्यास सूत्रकृमी, म्हणजे मुळांना लागणारे सूक्ष्म किडे, माजतात, म्हणून त्या गोणींची माती यंदा अबोलीच्या वाफ्यात गेली आहे. नवीन मातीसाठी चाळण मागायला गेले, तर सासूबाईंनी ती आधीच काढून ठेवली होती.