दोन कोड, एकच फांदी

रबाळे एमआयडीसीतली आमची लॅब सामायिक आहे. वेगवेगळ्या संस्थांचे संशोधक नमुने पाठवतात, आम्ही सिक्वेन्सिंग करून देतो, म्हणजे जनुकांची अक्षरं क्रमाने वाचून देतो. ट्यूबवर नाव नसतं, नुसता कोड. सकाळी कर्करोगाच्या प्रकल्पाचं काम, दुपारी एचआयव्हीचं, मशीन तेच. त्यामुळे आम्हाला कायम धास्ती असते ती कंटॅमिनेशनची, म्हणजे एका नमुन्याचा अंश दुसऱ्यात मिसळण्याची.

एचआयव्हीच्या प्रत्येक बॅचनंतर आम्ही वंशवृक्ष काढतो. कुठला विषाणू कुणाच्या किती जवळचा, ते त्यावर दिसतं. भारतात बहुतेक विषाणू सी उपप्रकाराचे, म्हणून फांद्या एका बाजूला दाटलेल्या असतात. तरी प्रत्येक कोडची फांदी वेगळी निघते. त्या दिवशी दोन कोड एकाच टोकाला जवळपास चिकटून आले. माझ्या टेक्निशियनचा चेहरा पडला. "मॅडम, एकाचं दुसऱ्यात गेलं का?"

पहिली शंका हीच घ्यावी लागते. पीसीआरमध्ये एका तुकड्याच्या कोट्यवधी प्रती होतात, त्यातला अदृश्य शिंतोडासुद्धा पुरतो. म्हणून पीसीआरच्या आधीची खोली वेगळी, नंतरची वेगळी, ॲप्रन वेगळे, आणि नंतरच्या खोलीत गेलेल्या माणसाने त्या दिवशी आधीच्या खोलीत पाऊल ठेवायचं नाही. आमच्याकडे हे कसोशीने पाळलं जातं. पण नियम पाळले एवढ्यावर नमुना शुद्ध धरता येत नाही.

आम्ही मशीनचे कच्चे आलेख उघडून बसलो. एका माणसाच्या रक्तातही या विषाणूची थोडीथोडी वेगळी भावंडं असतात, त्यामुळे आलेखात काही अक्षरांवर दोन रंगांची शिखरं एकावर एक चढलेली दिसतात. एका कोडमध्ये अशी जोडशिखरं बऱ्याच जागी होती. दुसऱ्यात त्याच जागी एकेकच, स्वच्छ. एकाचं दुसऱ्यात गेलं असतं, तर आलेखही बहुधा सारखे दिसले असते. शिवाय दोघांचं आरएनए, म्हणजे विषाणूचं जनुकीय द्रव्य, वेगवेगळ्या दिवशी काढलेलं. धीर आला, पण तो पुरावा नव्हे. उणे ८० अंशांच्या फ्रीझरमधून दोन्हींच्या राखीव ट्यूब काढल्या आणि सगळं पहिल्यापासून केलं. दोन्हींत औषधरोधाचा, म्हणजे विषाणूने औषधाला न जुमानण्याचा, सारखाच बदल होता, के१०३एन. औषधामुळे असे बदल परक्या विषाणूंतही सारखे येऊ शकतात, म्हणून औषधरोधाच्या जागा गाळून वृक्ष पुन्हा काढला. दोघं जिथल्या तिथे. म्हणजे नातं खरं होतं.

प्रकल्पाच्या सरांना फोन केला. ते म्हणाले, "मॅडम, मग कुणाकडून कुणाला गेला, एवढं अहवालात टाका ना."

मी नाही म्हटलं, आणि कारणंही सांगितली. हे नवरा-बायको असू शकतात. दोघांनाही लागण करणारा तिसराच कुणी असेल, त्याचा नमुना आपल्याकडे नाही. एकच माणूस दोन केंद्रांवर नोंदला गेला असेल. विषाणूच्या पॉल (pol) नावाच्या जनुकाच्या अशा एकेका वाचनावरून दिशा ठरत नाही. आणि आपण लिहिलेली एक ओळ उद्या कुणाच्या घरात किंवा कोर्टात गेली, तर तिचा आरोप होतो. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने गोपनीयतेचं संरक्षण दिलंय ते याचसाठी.

त्यांना लिबियाचं प्रकरणही सांगितलं. बेनगाझीच्या रुग्णालयातल्या मुलांना मुद्दाम एचआयव्ही दिल्याच्या आरोपावरून बल्गेरियन परिचारिका आणि एका पॅलेस्टिनी डॉक्टरला फाशीची शिक्षा झाली होती. २००६ मध्ये शास्त्रज्ञांनी त्या मुलांमधल्या विषाणूंचा वंशवृक्ष काढून दाखवलं, की ही मंडळी मार्च १९९८ मध्ये तिथे पोचण्याआधीच तो विषाणू पसरत होता. २००७ मध्ये त्यांची सुटका झाली, ती राजकीय वाटाघाटींनंतर; कोर्टाने तो पुरावा मानलाच नव्हता. वृक्ष काय सांगतो आणि काय सांगत नाही, या दोन्हींची किंमत माणसं मोजतात, असं मला तेव्हापासून वाटत आलंय.

अहवालात आम्ही लिहिलं: दोन्ही नमुने निकटसंबंधित, पुनर्चाचणीत तोच निष्कर्ष, संसर्गाची दिशा यावरून सांगता येत नाही. सरांनी ते तसंच ठेवलं. मग मी त्यांचं लक्ष के१०३एनकडे वळवलं. नेव्हिरापिन आणि इफाव्हिरेन्झ या औषधांना तो दाद देत नाही. डोल्युटेग्राव्हिर या दुसऱ्या औषधाला त्याने बाधा येत नाही, तरी उपचार करणाऱ्या डॉक्टरला तो माहीत हवा. त्यांच्या नीतिसमितीने अशी माहिती कळवायला आधीच परवानगी दिलेली होती. दोन्ही कोडची पत्रं दुसऱ्याच दिवशी केंद्रांकडे गेली.